एकच रस्ता, रोज वेगळं अंतर: धावण्याचं घड्याळ पुन्हा पुन्हा का चुकतं आणि काय करावं

तक्रार आधी नेमकी मांडते, म्हणजे तुमचीही हीच आहे का ते लगेच कळेल.

मी बडोद्यात दांडिया बाजारातून निघते, कमाटीबागेत आतल्या रस्त्यानं दोन फेऱ्या मारते आणि त्याच वाटेनं घरी येते. रस्ता तोच, वळणं तीच, वेळही पहाटे साडेपाचचीच. उपग्रहांवरून अंतर मोजणाऱ्या नव्या घड्याळानं सोमवारी ५.०२ किलोमीटर दाखवले, बुधवारी ५.३१ आणि शुक्रवारी ४.७६. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, रिसेट करून बघा." केलं. चार-पाच दिवस आकडे जागेवर आले आणि मग ये रे माझ्या मागल्या. परत रिसेट, परत चार दिवस सुखाचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा लक्षात आलं की रिसेटनं काहीतरी खरंच सुधारतंय, पण जे सुधारतंय ते टिकत नाहीये. ते काय, हे शोधायला मला पावणेदोन महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

"शे-दोनशे मीटरनं काय बिघडतं?" असं आमच्यासोबत चालायला येणाऱ्या एका काकांनी विचारलं होतं. बिघडतं. पाच किलोमीटर तुम्ही तीस मिनिटांत धावलात तर पेस झाला किलोमीटरला ६ मिनिटं. घड्याळानं त्याच पाचाचे ५.३ केले की तेच धावणं ५:४० चं दिसतं. मी दहा किलोमीटर एका तासाच्या आत पूर्ण करायची तयारी करत होते. घड्याळ सांगत होतं की ५:४० मला सहज जमतंय, म्हणून स्पर्धेच्या दिवशी मी त्याच हिशेबानं सुटले. सहाव्या किलोमीटरनंतर पाय उचलेनात, शेवटचे दोन किलोमीटर अर्धे चालत गेले. तीन महिने पहाटे उठून मनापासून तयारी केली होती. फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की आता आधी या घड्याळाचा छडा लावायचा.

आधी खरं अंतर हातात घ्या

घड्याळ चूक आहे असं म्हणायला बरोबर काय ते माहीत हवं. मी सुरुवातीला एका घड्याळाची तुलना दुसऱ्याशी करत बसले, माझं वहिनींच्या घड्याळाशी, त्यांचं फोनशी. त्यातून फक्त वाद वाढले. दोन अंदाज एकमेकांशी जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत.

माझ्या भाच्यानं उपाय सुचवला आणि तो मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो. सायकलनं एक किलोमीटर मोजायचा. मोठ्या शर्यतींचे मार्ग मोजण्याची जगभर मान्य असलेली पद्धतही सायकलचीच आहे. चाकाला फेऱ्या मोजणारं एक छोटं यंत्र लावतात आणि पोलादी टेपनं मोजलेल्या पट्ट्यावर ती सायकल आधी पारखून घेतात. आमच्याकडे यंत्र नव्हतं. पुढच्या टायरचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून रस्त्यावर खडूची रेघ मारली, चाक दहा फेऱ्या ढकलत नेलं आणि पुन्हा रेघ मारली. मधलं अंतर सुताराच्या लांब टेपनं मोजलं. २०.८० मीटर भरलं, म्हणजे एका फेरीला २.०८ मीटर. ४८१ फेऱ्यांचे १००० मीटर आणि वर ४८ सेंटिमीटर. शेवटी अर्धा मीटर मागे यायचं की झाला किलोमीटर.

रविवारी पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आम्ही हे केलं. व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधली होती. भाचा सायकल ढकलत प्रत्येक फेरीला मोठ्यानं आकडा म्हणत होता आणि मी ओच्यात हरभऱ्याचे पाच दाणे घेऊन शेजारून चालत होते. शंभर झाले की एक दाणा दुसऱ्या हातात. पहिल्या खेपेला दोनशे चाळीसच्या आसपास दुधाचा टेम्पो समोर आला, बाजूला व्हावं लागलं आणि मोजणी चुकली. "मावशी, पुन्हा पहिल्यापासून," म्हणाला, आणि आम्ही खरोखर पहिल्यापासून मोजलं. सुरुवात एका दिव्याच्या खांबाच्या पायथ्याशी धरली, शेवट एका ड्रेनेजच्या झाकणापासून दोन पावलं पुढे आला. ही दोन टोकं वहीत लिहून ठेवली, कारण खडू पुसला जातो, खांब कुठे जात नाही.

एक काळजी घ्या. ज्या हवेच्या दाबानं चाक पारखलं त्याच दाबानं मोजा, आणि पारखताना सायकल ढकलली असेल तर मोजतानाही ढकलाच. माणूस बसला की टायर दबतो आणि फेरीचं अंतर कमी होतं. ऊन चढल्यावर टायर फुगतो, तेव्हा दोन्ही कामं एकाच पहाटे उरका.

एवढा खटाटोप नको असेल तर ४०० मीटरचा ट्रॅकही चालतो. पण तिथे लेनचं भान ठेवा. ४०० मीटर हे फक्त सगळ्यात आतल्या लेनचं अंतर आहे, तेही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून. दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी ४०७.०४ मीटरची, चौथ्यात ४२२.३७ ची आणि आठव्यात ४५३.०३ ची होते. चौथ्या लेनमधून साडेबारा फेऱ्या मारून "पाच किलोमीटरला घड्याळ ५.२८ दाखवतंय" अशी तक्रार आमच्याच कंपूत एकीनं केली होती. बिचारं घड्याळ शंभर टक्के बरोबर होतं.

चूक झुकलेली आहे की उडणारी?

मोजलेला किलोमीटर हातात आला की त्यावर निदान सहा वेळा धावा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही टोकांना लॅपचं, म्हणजे एकेक टप्पा वेगळा नोंदवायचं, बटण स्वतः दाबा आणि आकडे कागदावर उतरवा. मग आकड्यांकडे नीट बघा. या एका प्रश्नानं अर्धं निदान होतं: चूक दर वेळी एकाच बाजूला झुकतेय, की कधी वर, कधी खाली उडतेय?

दर वेळी ०.९६, ०.९६, ०.९७ असं येत असेल तर सिग्नल ठीक आहे, गडबड सेटिंगमध्ये आहे. ०.८९, १.०७, ०.९४ असं येत असेल तर घड्याळाला आकाश नीट दिसत नाहीये. आणि पहिला किलोमीटर वेडावाकडा, पुढचे सगळे सरळ असतील तर तुम्ही फार लवकर सुटताय.

माझे आकडे उडणारे होते, आणि त्यात पहिला किलोमीटर सगळ्यात वाईट. नकाशावर पाहिलं तर माझी सुरुवात घरापासून नव्हे, गल्लीपलीकडच्या इमारतींच्या गच्चीवरून झालेली दिसायची.

लवकर सुटणं, आणि रिसेटचं कोडं

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतो, आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ अंतर काढतं. प्रकाशाच्या वेगानं येणारा सिग्नल एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर कापतो, तेव्हा वेळ किती काटेकोर लागते बघा. आपल्या मनगटावरचं घड्याळ तेवढं अचूक नसतं, म्हणून जागेसाठी तीन आणि वेळ जुळवायला एक असे किमान चार उपग्रह लागतात. चार म्हणजे कसंबसं. आठ-दहा दिसले की जागा पक्की होते.

आता खरी मेख. "मी कुठे आहे" ही माहिती उपग्रह फार सावकाश पाठवतो, सेकंदाला फक्त ५० बिट, आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सुरू होते. ती काही तासच कामाची असते. म्हणजे काल सकाळची माहिती आज सकाळी शिळी. कोरं घड्याळ आकाशाखाली नेलं तर त्याला प्रत्येक उपग्रहाकडून ही माहिती अखंड ऐकावी लागते. मध्येच तुम्ही झाडाखाली गेलात, सिग्नल तुटला, की राहिलेला तुकडा पुढच्या खेपेला. तोवर घड्याळ दोन-चार उपग्रहांवर गुजराण करतं.

हे टाळायला कंपन्या पुढच्या काही दिवसांचा उपग्रहांचा अंदाज फोनमार्फत घड्याळात आधीच भरून ठेवतात. घड्याळ सिंक झालं, म्हणजे फोनशी माहितीची देवाणघेवाण झाली, की ती फाइल येते. फाइल ताजी असेल तर दहा-वीस सेकंदांत जागा सापडते, जुनी झाली की पुन्हा ते सावकाश ऐकणं आलं.

माझं कोडं इथे सुटलं. माझ्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय चालू होती आणि ती घड्याळाच्या ॲपला पाठीमागे झोपवून टाकत होती. ब्लूटूथ चालू, जोडणी दिसतेय, पण सिंक शून्य. ॲप उघडून पाहिलं तर शेवटचं सिंक नऊ दिवसांपूर्वीचं. रिसेट केलं की घड्याळ नव्यानं जोडावं लागतं, त्यासाठी ॲप उघडावं लागतं, ॲप उघडलं की सिंक होतं, ताजी फाइल येते आणि चार-पाच दिवस सगळं छान चालतं. रिसेटचा गुण नव्हताच, गुण होता सिंकचा. दर वेळी मी उगाच आठवड्याभराची नोंद पुसत होते.

उपाय दोन. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध काढून टाका. शब्द फोनगणिक बदलतात, पण "अनरिस्ट्रिक्टेड" किंवा "पाठीमागे चालू द्या" असं काहीतरी असतं. त्यावरही विसंबू नका. रात्री झोपण्यापूर्वी ॲप उघडा आणि सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. मी आता दुधाला विरजण लावताना हे करते, त्यामुळे विसरत नाही.

आणि सकाळी थांबा. धावण्याचा मोड सुरू करून उघड्यावर उभ्या राहा, घड्याळानं "तयार" म्हटल्यावरही आणखी एक मिनिट. "तयार" म्हणजे किमान गरज भागली एवढंच. पुढच्या मिनिटात आणखी उपग्रह हाती लागतात. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले आहेत, वर आकाशाची पट्टी दिसते तेवढीच. तिथे थांबून उपयोग नाही. मी आता गल्लीतून चालत मोठ्या रस्त्यावर येते, तिथल्या मोकळ्या जागी हात-पाय सैल करते आणि तेवढ्यात घड्याळाचं काम होतं. पुण्याला वगैरे जाऊन आलात, घड्याळ दोन-चार दिवस बंद होतं, तर पहिल्या दिवशी पाच मिनिटं द्या.

एवढ्यानंच माझा मोजलेला किलोमीटर ०.९९, १.००, १.०१ वर आला.

झाडं, जुन्या शहरातल्या पोळी आणि एक पूल

उरलेली चूक जागेची असते आणि ती तुम्हाला पूर्ण घालवता येणार नाही, हे आधीच सांगते.

कमाटीबाग सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारली, आणि तिथली जुनी झाडं म्हणजे आम्हा बडोदेकरांचा जीव की प्राण आहे. पण उपग्रहाचा सिग्नल आपल्यापर्यंत येतो तो मुळातच फार क्षीण होऊन, आणि पानांतलं पाणी तो आणखी शोषतं. पावसाळ्यात पानं दाट आणि वरून ओली, तेव्हा दाट भागात आकडे जास्त डळमळतात. वैशाखात, पानगळ झालेल्या झाडांखाली तीच फेरी बऱ्यापैकी सरळ उमटते. दोन्ही महिन्यांचे नकाशे शेजारी ठेवून पाहिले तर फरक डोळ्यांना दिसतो. त्यामुळे जुलैत घड्याळ बिघडलं असा निष्कर्ष काढू नका.

जुन्या शहरात दुखणं वेगळं. रविवारी कधी आम्ही मांडवीवरून लहेरीपुऱ्याकडे, न्यायमंदिर, सूरसागर अशी फेरी घेतो. तिथे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो. उशिरा आला म्हणजे घड्याळाला उपग्रह आहे त्यापेक्षा लांब वाटतो आणि तुमची रेघ शेजारच्या पोळीत, म्हणजे दाट घरांच्या गल्लीत, शिरते. अशा चुकांनी अंतर बहुतेक वेळा वाढतं, कारण सरळ रेघेपेक्षा नागमोडी रेघ लांब. सूरसागरच्या काठाला आलं की आकाश उघडतं आणि रेघ पुन्हा शहाण्यासारखी चालते.

आणि अकोटा–दांडिया बाजार पूल. त्यावर सौर पॅनेलचं छत घातलंय. ऊन लागत नाही म्हणून धावायला मला तो फार आवडतो, पण घड्याळाच्या दृष्टीनं ते पत्र्याच्या शेडखाली शिरण्यासारखंच आहे. पुलावर शिरलं की माझा पेस एकदम आठवर जायचा, बाहेर पडताक्षणी साडेचार. मी आपली एकाच चालीनं धावत असायची. अशा जागी बरीच घड्याळं हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं मोजून अंदाज भरतात, आणि तो अंदाज चांगला यायला हवा असेल तर आधी मोकळ्या मैदानावर चार-पाच वेळा नीट सिग्नल पकडून धावलेलं असावं लागतं, म्हणजे घड्याळ तुमचं पाऊल शिकतं.

घड्याळात दोन तरंगलांब्या एकदम ऐकायची सोय असेल तर जुन्या शहरात ती जरूर वापरा. नेहमीचा सिग्नल, एल-वन, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो, दुसरा एल-फाइव्ह ११७६.४५ वर. एल-फाइव्हच्या संकेताची ठेवण दहापट बारीक असते, त्यामुळे थेट आलेला सिग्नल कोणता आणि भिंतीवरून उसळून आलेला कोणता हे वेगळं काढणं सोपं जातं. बॅटरी जास्त जाते, पण तासाभराच्या धावण्याला काही होत नाही. ही सोय नसेल तरी फक्त जीपीएसऐवजी रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू यांतलं जे घड्याळात असेल ते जोडीला लावा. जितके जास्त उपग्रह डोक्यावर, तितकी आकाशाची अरुंद पट्टी कमी नडते. काही उपकरणांत आपल्या भारताचा नाविकही दिसतो. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकचे नवे उपग्रह एल-वनवरही बोलू लागलेत, म्हणजे पुढच्या घड्याळांत तो सहज मिळावा अशी मला मनापासून आशा आहे.

आता वहिनींचं घड्याळ. तेच मॉडेल, तोच रस्ता, शेजारी शेजारी धावणं, तरी त्यांचं कायम जास्त उडायचं. आठवडाभर कळेना. एक दिवस पाणी पिताना पाहिलं, वहिनींनी तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेली. चाळीस वर्षांची सवय, बांगड्यांना काच लागू नये म्हणून. धावताना हात कोपरात वाकला की आतली बाजू थेट पोटाकडे वळते, म्हणजे घड्याळाचा अँटेना आकाशाऐवजी अंगाकडे बघतो. घड्याळ बाहेरच्या बाजूला, मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमचे आकडे जुळले.

चूक एकाच बाजूला झुकलेली असेल तर

सगळ्यात आधी बॅटरी वाचवणारा मोड बंद आहे ना ते बघा. त्यात घड्याळ दर सेकंदाला जागा नोंदवण्याऐवजी काही सेकंदांनी एकदा नोंदवतं आणि मधला रस्ता सरळ धरतं. समजा २० मीटर त्रिज्येचं वळण आहे आणि तुम्ही सेकंदाला ३ मीटरनं धावताय. दहा सेकंदांत तुम्ही कमानीवरून ३० मीटर गेलात, घड्याळानं सरळ रेघ मारून २७ च मोजले. सरळ हमरस्त्यावर हे कळणार नाही, बागेच्या वळणावळणांत दर फेरीला अंतर कापलं जाईल. नोंद दर सेकंदाला ठेवा.

मग मैल आणि किलोमीटर. हसू नका, दोन ओळखीच्यांचं हेच निघालं. पेस ९:३९ दिसतोय आणि तुम्ही नेहमीसारख्याच पळताय तर तो मैलाचा आकडा आहे, किलोमीटरचा ६:००.

आपोआप थांबण्याची सोयही बंद करून पाहा. झाडाखाली सिग्नल मंदावला की घड्याळाला वाटतं तुम्ही थांबलात, आणि तेवढे मीटर जातात. घड्याळात एक पेस आणि ॲपमध्ये दुसरा दिसतो त्याचंही कारण बहुधा हेच असतं. एक थांब्यासकट वेळ धरतं, दुसरं फक्त हलतानाचा वेळ.

ट्रेडमिलचा मोड वेगळा, तिथे आकाशाचा संबंधच नाही, सगळा हाताच्या हेलकाव्याचा हिशेब. दांडी धरून धावलात तर अंतर कमी येणारच.

पेस नाचतो म्हणून घड्याळ परत करू नका

अंतर बरोबर आल्यावरही पेसचा आकडा नाचत राहतो आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते. ६:०० च्या पेसनं तुम्ही एका सेकंदात २.७८ मीटर जाता. त्या एका सेकंदात जागा फक्त एक मीटर पुढे समजली गेली तर पेस होतो ४:२५. एक मीटर मागे समजली गेली तर ९:२२. एक मीटर म्हणजे आपलं एक पाऊल! घड्याळं हा आकडा मागच्या काही सेकंदांशी मिसळून शांत करतात, पण शांत केला की तो उशिरा दिसतो. वेग वाढवल्यावर सात-आठ सेकंदांनी पेस बदलतो तो त्यामुळेच.

म्हणून "आत्ताचा पेस" पडद्यावरून काढून टाका. त्याच्या जागी चालू लॅपचा सरासरी पेस ठेवा आणि लॅप एक किलोमीटरचा. पहिल्या दोनशे मीटरनंतर तो आकडा स्थिर होतो आणि त्यावर विसंबून धावता येतं. हा एक बदल केल्यापासून मी धावताना मनगटाकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघते.

स्पर्धेत मात्र किलोमीटरची आपोआप होणारी घंटी बंद करा. मोजलेला मार्ग हा सगळ्यात जवळच्या रेघेनं, वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून मोजलेला असतो, आणि कमी पडू नये म्हणून हजारी एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे १० किलोमीटरला १०,०१० मीटर. तुम्ही गर्दीतून वळसे घेत, पाण्याच्या टेबलाकडे जात-येत धावता. घड्याळात १०.१५ येणं अगदी साहजिक आहे. घड्याळाच्या सरासरीवर हिशेब केलात तर मार्गावरच्या किलोमीटरच्या फलकांप्रमाणे मागे पडाल. प्रत्येक फलकाशी लॅपचं बटण स्वतः दाबा. तासाच्या आत यायचं तर घड्याळात ६:०० पुरत नाही, ५:५४ च्या आसपास धरावं लागतं.

खरंच बिघडलेलं असेल तेव्हा

ताजं सिंक, उघड्या मैदानात दोन मिनिटं थांबणं, दर सेकंदाची नोंद, बाहेरच्या बाजूला घट्ट बांधलेलं घड्याळ, एवढं सगळं करून मोजलेल्या किलोमीटरवर तीन वेगळ्या दिवशी आकडे तीस-चाळीस मीटरनं उडत असतील तर अँटेनात दोष असू शकतो. तेव्हा सॉफ्टवेअर अद्ययावत करा, एकदा बंद करून चालू करा, पुन्हा एक दिवस तपासा. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र अद्ययावत करण्याच्या फंदात पडू नका. तरीही तेच असेल तर वॉरंटीची मुदत बघून तक्रार करा. "अंतर चुकतं" असं मोघम लिहू नका, त्याला उत्तर "रिसेट करा" हेच येतं. तीन दिवसांच्या तारखा, प्रत्येक दिवसाचे आकडे, नकाशाचे स्क्रीनशॉट आणि अंतर कसं मोजलं ते लिहा. शेजारी तेच मॉडेल घालून कुणी धावलं असेल तर त्याचा नकाशाही जोडा. आमच्यातल्या एकाला अशा तक्रारीवर घड्याळ बदलून मिळालं, आधी दोन महिने नुसती टोलवाटोलवी चालली होती.

माझं घड्याळ आता पाच आठवडे सुरळीत आहे, एकदाही रिसेट नाही. कमाटीबागेची फेरी ४.९७ ते ५.०४ च्या मध्ये येते, भर पावसात ५.०८ पर्यंत. अकोट्याच्या पुलावर ते अजून चुकतं. पुलाची लांबी आम्ही त्याच सायकलनं मोजून वहीत लिहून ठेवली आहे, त्यामुळे पुलावर शिरताना आणि बाहेर पडताना लॅप दाबते आणि तेवढं अंतर घरी आल्यावर हातानं बदलते.